हातात फोन, पुळणीत कॅमेरा

डिजिटल कॅमेरा मोबाइलवरून चालवताना तीन कामे फोनच्या पडद्यावर येतात: लेन्ससमोर काय आहे ते पाहणे, एक्स्पोजरची मापे बदलणे आणि शटर दाबणे. शटर दुरून दाबण्याची सोय जुनी आहे. दुरून पाहण्याची सोय मात्र सर्वसामान्य माणसाच्या हाती अगदी अलीकडे आली आणि खरा फरक तिनेच पाडला. फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्यामागेच असले पाहिजे ही अट सुटली. त्यामुळे माणूस जिथे बसू शकत नाही, किंवा त्याने बसू नये, अशा जागी कॅमेरा ठेवता येऊ लागला.

अशा जागा एकाच गावात पाहायच्या तर रायगड जिल्ह्यातले, श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर सोयीचे. चारेक किलोमीटरची जवळजवळ सपाट पुळण, कडेने सुरूचे बन, मागे नारळ-सुपारीच्या वाड्या आणि वाड्यांच्या आडोशाने रूपनारायण, उत्तरेश्वर यांची जुनी देवळे. १९९७ साली इथल्या एका सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि तेव्हापासून गावाला पर्यटकांचा राबता लागला. फोनवरून कॅमेरा चालवण्याचा सर्वांत सर्रास उपयोग या पर्यटकांचाच असतो: दहा-बारा जणांच्या कुटुंबाचा फोटो, ज्यात फोटो काढणाराही हवा असतो. सेल्फ टायमर लावला की धावत येऊन उभे राहावे लागते आणि कोणाचे डोळे मिटले ते नंतर कळते. फोनवर ते आधी दिसते. फोन धरलेला हात पुढच्या माणसाच्या पाठीआड ठेवावा आणि फोनवरूनच दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे फोटोत फोनकडे पाहणारी एक मान येत नाही. घरच्या फोटोसाठी एवढे पुरते. या तंत्राची खरी परीक्षा पुळणीवर पुढे गेल्यावर सुरू होते.

माणूस आणि शटर यांच्यात अंतर ठेवण्याची धडपड जुनी आहे. रबरी फुगा दाबून नळीतल्या हवेच्या रेट्याने शटर उघडणारे कॅमेरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होते, पुढे तारेचे केबल रिलीज आले. १९२०च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलवाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटे आणि वाघ आपला फोटो आपणच काढून घेई. त्यांचे या फोटोंचे पुस्तक १९२७ साली आले. या साऱ्या युक्त्यांत कॅमेऱ्याला त्या क्षणी काय दिसते आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नसे. पुढे इन्फ्रारेड रिमोट आले. त्यांनी तार गेली, पण उन्हातच इन्फ्रारेड किरणे भरपूर असल्याने भर दुपारी किनाऱ्यावर हे रिमोट हमखास दगा देत, आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला येऊन दाबावे लागत ते वेगळेच.

पाहण्याचा प्रश्न सुटला तो आधी संगणकाच्या तारेतून. कॅमेऱ्यातले फोटो संगणकात उतरवून घेण्यासाठी २००० साली ‘पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल’ नावाची नियमावली ठरली. तिच्यात फोटो मागवण्याच्या हुकमांबरोबर ‘आता फोटो काढ’ असाही हुकूम होता. कॅमेरा कंपन्यांनी त्यात आपापले हुकूम घातले: शटर स्पीड बदल, आयएसओ बदल, समोरचे चित्र पाठवत राहा. हीच नियमावली तारेऐवजी नेटवर्कवरून चालवण्याची पद्धत जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे सिपाने, २००५ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या जानेवारीत भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मोकळी केली. आज दिवेआगरच्या वाळूत कोणी कॅमेऱ्याचे वाय-फाय चालू करतो तेव्हा त्याला कुठल्या कचेरीत अर्ज करावा लागत नाही तो यामुळे.

फोन या गोष्टीत आला तो २०११च्या सुमारास. अँड्रॉइडच्या ३.१ आवृत्तीने फोन-टॅबलेटला दुसरे यूएसबी उपकरण जोडण्याची मुभा दिली आणि ओटीजी केबलने डीएसएलआर चालवणारी अ‍ॅप निघाली. २०१२ मध्ये तार गळून पडली. कॅननने ईओएस ६डी जाहीर केला. वाय-फाय अंगातच असलेला तो त्यांचा पहिला डीएसएलआर. निकॉनने डी३२०० सोबत बोटाच्या पेराएवढा वायरलेस अ‍ॅडॉप्टर विकायला काढला, तर गोप्रोच्या कॅमेऱ्यांत वाय-फाय आतच आले. २०१३ मध्ये सोनीने तर पडदाच नसलेले क्यूएक्स कॅमेरे काढले: नुसती लेन्स आणि सेन्सर, बाकी सगळे फोनवर. कल्पना धाडसी होती, पण ती फार काळ टिकली नाही. फोनची बॅटरी संपली की कॅमेरा आंधळा होणार हे गिऱ्हाइकाच्या लवकरच लक्षात आले असावे. २०१६ मध्ये निकॉनने ‘स्नॅपब्रिज’मध्ये ब्लूटूथ आणले. कॅननचे ‘कॅमेरा कनेक्ट’, सोनीचे ‘क्रिएटर्स अ‍ॅप’, फुजीफिल्मचे ‘एक्सअ‍ॅप’ ही आजची नावे आहेत. ती दर काही वर्षांनी बदलतात, कामाची रीत बदलत नाही.

ती रीत अशी. कॅमेरा स्वतःच एक छोटे वाय-फाय केंद्र होतो आणि आपले नाव व पासवर्ड, किंवा नुसता क्यूआर कोड, मागच्या पडद्यावर दाखवतो. फोन त्या नेटवर्कला जोडायचा आणि अ‍ॅप उघडायचे. या जोडणीला इंटरनेट लागत नाही. फोन आणि कॅमेरा यांच्यात तिसरे कोणी नसते, त्यामुळे पुळणीवर मोबाइलला रेंज असो वा नसो, काम होते. इंटरनेट लागते ते त्याआधी, अ‍ॅप उतरवून घेताना आणि काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये खाते उघडताना. हे घरून निघण्यापूर्वीच उरकलेले बरे.

जोडणी तुटण्याचे सर्वांत मोठे कारण कॅमेऱ्यात नसून फोनच्या हुशारीत आहे. कॅमेऱ्याच्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असे फोनला दिसते आणि तो मालकाच्या भल्यासाठी गुपचूप मोबाइल डेटावर परत जातो. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ असे विचारले की हो म्हणावे, आणि तरीही तुटत असेल तर मोबाइल डेटा तात्पुरता बंद करावा. दुसरे कारण परवानग्यांचे. अँड्रॉइडवर अ‍ॅपला लोकेशन किंवा ‘जवळची उपकरणे’ यांची आणि आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी नाकारलेली असेल तर कॅमेरा शेजारी असूनही दिसत नाही. कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात नेण्याआधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

ब्लूटूथ आणि वाय-फाय यांची कामे वेगळी आहेत. ब्लूटूथ कमी विजेवर सतत जागे राहते, पण त्याची वाट अरुंद असते. ‘शटर दाब’ हा हुकूम काही बाइटांचा. तो सहज जातो. थेट दृश्याची गोष्ट वेगळी. एक लहान चित्र ५० किलोबाइटचे धरले आणि सेकंदाला २० चित्रे पाठवायची म्हटली तर सेकंदाला एक मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट माल हलवावा लागतो. कमी विजेवरच्या ब्लूटूथचा मूळ वेग सेकंदाला एक मेगाबिट. म्हणून अ‍ॅप ब्लूटूथवर ओळख ठेवते आणि दृश्य मागितले की कॅमेऱ्याचे वाय-फाय जागे करते. नुसते शटर दाबायचे असेल तर ब्लूटूथवरचे साधे रिमोट बटण वापरावे. बॅटरी वाचते आणि तुटातुटही कमी होते.

फोनवरून सगळे बदलता येते असे जाहिरातीत वाटते. प्रत्यक्षात मोड डायल हाताने फिरवायची असते, लेन्सचे झूम रिंग हाताने फिरते, लेन्सवरचा ऑटो-मॅन्युअल खटका हातानेच सरकतो. मोटरवर चालणारे झूम असलेल्या लेन्स सोडल्या तर यातले काहीच फोनला ऐकत नाही. ट्रायपॉड किंचित तिरका असेल तर क्षितिजही तिरकेच राहते. म्हणून कॅमेऱ्यापासून उठण्यापूर्वी फ्रेम, झूम, मोड, क्षितिज आणि आपोआप बंद होण्याची वेळ ठरवून टाकावी लागते. फोनकडे उरतात शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि पडद्यावर बोट ठेवून नेमायचा फोकस. अ‍ॅपमध्ये बटणे किती यावर कॅमेरे तोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: दुरून काढलेला चांगला फोटो बहुतांशी जवळ असतानाच ठरलेला असतो.

आता पुळण. उघड्या किनाऱ्यावर भिंती नाहीत, तेव्हा वाय-फाय लांबवर पोचायला हवे असे वाटते. पोचतेही, पण कॅमेरा छातीच्या उंचीवर असेल तोवर. पुळणीवरचे बहुतेक चांगले फोटो मात्र कॅमेरा वाळूला टेकवून घ्यावे लागतात आणि तिथे गणित बिघडते. रेडिओलहर दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेतूनच जात नाही, त्या रेषेभोवतीचा फुगीर भागही तिला मोकळा लागतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची. दहा मीटर अंतरावर हा फुगवटा मध्यभागी रेषेपासून सुमारे अर्धा मीटर पसरतो, वीस मीटरवर पाऊण मीटरहून थोडा अधिक. कॅमेरा वाळूवर आणि फोन पोटावर झोपलेल्या माणसाच्या हातात असेल तर अर्धा फुगवटा वाळूत जातो. ओली, खारट वाळू लहरीचा काही भाग शोषून घेते, काही परतवते. परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीच्या विरोधात पडली की दृश्य थबकते. उपाय साधा आहे. कॅमेरा खाली असला तरी फोन उंच धरावा, जमल्यास उभे राहून. माणसाचे शरीर मुख्यतः पाण्याचे असल्याने तेही या लहरी अडवते. कॅमेऱ्याकडे पाठ करून फोन पोटाशी धरणारा आपल्याच अंगाने जोडणी तोडत असतो.

इतके सोसून कॅमेरा वाळूवर का ठेवायचा, याचे उत्तर ओहोटीच्या वेळी पायाशीच असते. पाणी मागे हटले की पुळणीवर बारीक वाळूच्या गोळ्यांची, भोकापासून बाहेर पसरत गेलेली नक्षी उमटते. ती करणारे खेकडे नखाएवढे. वाळू तोंडात घेऊन तिच्यातले सेंद्रिय कण काढून घ्यायचे, उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची, असे त्यांचे काम पुढच्या भरतीपर्यंत चालते. माणसाचे पाऊल वाजले की क्षणात सगळे भोकात. पाच-दहा मिनिटे हालचाल झाली नाही की पुन्हा वर येतात. वाळूवर निश्चल पडलेल्या कॅमेऱ्याशी त्यांचे काही वाकडे नसते. मोठ्या, दांडीवर डोळे असलेल्या भूत-खेकड्यांचेही तसेच, फक्त त्यांना चहूबाजूंचे दिसते. कॅमेरा भोकापासून हातभर अंतरावर लावून, फोकस भोकाच्या काठावर पक्का करून, ऑटोफोकस बंद करून दूर जावे. ऑटोफोकस चालू ठेवला तर खेकडा यायच्या आधी कॅमेरा मागच्या लाटेवर फोकस करून बसतो. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करावा.

पक्ष्यांचे तंत्र थोडे निराळे. हिवाळ्यात पाण्याच्या कडेने चिखले आणि तुतवार पळताना दिसतात, वाळूवर कुरवांचे आणि सुरयांचे थवे विसावतात. थव्याकडे कॅमेरा घेऊन चालत जाणे हा फोटो न मिळण्याचा खात्रीचा मार्ग आहे, शिवाय हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांना उगाच उठवणेही त्यात येते. भरतीचे पाणी थव्याला कोणत्या बाजूला सरकवते आहे ते पाहून पुढच्या जागी कॅमेरा आधीच ठेवावा आणि सुरूच्या सावलीत जाऊन बसावे. पण एका मर्यादेची जाणीव हवी. फोनवरचे दृश्य थोडे मागून आलेले असते. सेन्सरवरून चित्र उचलणे, दाबणे, पाठवणे, उलगडणे यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा जातो आणि बोटाचा हुकूम परत जायलाही वेळ लागतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा सुरय सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात दोन मीटर पुढे गेलेला असतो. उडत्या पक्ष्याच्या मागे फोनवरून लागणे म्हणूनच व्यर्थ. शटर दाबण्याआधीची काही चित्रे कॅमेऱ्यात राखून ठेवणारी सोय ऑलिम्पसने २०१६च्या ई-एम१ मार्क २ मध्ये आणली, आता ती इतरांकडेही आहे. तिने ही चूक काही अंशी भरून निघते. ती नसेल तर बसलेल्या, चालणाऱ्या पक्ष्यांवर समाधान मानावे. त्यांचे जमिनीच्या पातळीवरून घेतलेले फोटो एरवी क्वचितच मिळतात.

भरती-ओहोटीचा विचार न करता पुळणीवर ट्रायपॉड लावणाऱ्याला शहाणे म्हणता येणार नाही. कोकणात यासाठी पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकराच्या पुढे. दिवसाला दोन भरत्या, त्यामुळे हीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्ही धरायची. सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त हटते. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर उधाणात हा फरक चार मीटरांच्या वर जातो. या हिशेबातून फोटो काढणाऱ्याच्या फायद्याची एक गोष्ट निघते. उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते, म्हणजे हिवाळ्यात बरोबर सूर्यास्ताला. पुळण तेव्हा सर्वांत रुंद असते आणि ओल्या वाळूच्या आरशात आकाश उतरते.

धोकाही त्याच वेळेत असतो. सूर्य बुडतो, रंग चढत जातात, फोटो काढणारा तीस सेकंदांचे एक्स्पोजर लावून फोनकडे पाहत दूर उभा राहतो आणि पाणी फिरलेले असते. पाणी सगळ्या तासांत सारखे चढत नाही. एकूण चढणीचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन असा अंदाज दर्यावर्दी वापरतात. चार मीटरांच्या उधाणात पहिल्या तासात फूटभर पाणी चढते, तिसऱ्या तासात मीटरभर. पुळणीचा उतार पन्नासास एक धरला तर पहिल्या तासात पाण्याची कड सतरा मीटर आत येते आणि तिसऱ्या तासात पन्नास. ट्रायपॉडचे पाय लाटेच्या येण्याजाण्याने वाळूत रुततात. फोनवर क्षितिज हळूहळू कलताना दिसले तर तो इशारा समजून आधी ट्रायपॉड उचलावा, फोटो मग. पायांखाली जुन्या सीडी किंवा प्लास्टिकच्या चकत्या ठेवल्या तर रुतणे कमी होते.

लांब एक्स्पोजरमध्ये फोनचा उपयोग हात न लावण्यापुरताच आहे, पण तो मोठा आहे. बोटाने शटर दाबताना होणारा थरार सेकंदाच्या आठव्या हिश्श्यापासून एक-दोन सेकंदांपर्यंतच्या एक्स्पोजरला सर्वाधिक नडतो. टाइम-लॅप्सचे मात्र उलटे. भरती चढतानाची दोन तासांची चित्रे दर पाच सेकंदांना घ्यायची तर १,४४० फोटो होतात, आणि हे काम अ‍ॅपवर सोपवले तर एकदा जोडणी तुटली की मालिकाही तुटते. कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर लावावा आणि फोनवर फक्त पहिली फ्रेम तपासावी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ केली ती महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा वाटाण्याच्या कुंडीसमोरून न हलवता, थोडी थोडी फिल्म उघडत. सिनेमासाठी भांडवल देणाऱ्याला पटवण्याकरता ते प्रात्यक्षिक होते. त्या कामाचा कस कॅमेरा न हलू देण्यात होता आणि अजूनही आहे. दिवेआगरला असे काम करण्याजोगा विषय डोळ्यांसमोर आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या मोठ्या प्रमाणावर आडव्या केल्या, आणि सुपारीचे रोप फळाला यायला पाचहून अधिक वर्षे घेते. दर हंगामात त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, मागचा फोटो शेजारी ठेवून फोनवर फ्रेम जुळवून घेतलेल्या चित्रांतून वाडी उभी राहताना दिसेल.

वाडीत आणखी एक जागा आहे जिथे डोळा लावणे अशक्य: झाडाचा शेंडा. नारळ-सुपारी काढणारा पाडेली वर चढतो तेव्हा त्याच्याबरोबर हलका कॅमेरा, क्लॅम्प आणि सुरक्षेचा दोर देता येतो. वर गेल्यावर मोकळ्या हवेत वाय-फायची जोडणी खालच्यापेक्षा चांगली मिळते, फक्त झावळ्या मध्ये येऊ नयेत. दोर दोन हवेत, एक क्लॅम्पला आणि एक कॅमेऱ्याला, आणि खाली कोणी उभे राहू नये. चढणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात, म्हणून कॅमेरा जमिनीवरच पूर्ण तयार करून द्यावा. त्याला वर बटणे शोधायला लावणे धोक्याचे आहे.

कासवांचा विषय किनाऱ्यावर टाळता येत नाही. ऑलिव्ह रिडले मादी हिवाळ्यात कोकणच्या वाळूत अंडी घालते. सावित्रीच्या मुखापलीकडचे वेळास त्यासाठी प्रसिद्ध झाले, पण श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरही घरटी सापडतात. हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरट्याजवळ काहीही करायचे तर वन विभागाच्या माणसांच्या सांगण्यानुसारच. पिल्ले उजळ क्षितिजाकडे चालतात, म्हणून फ्लॅश, टॉर्च आणि कॅमेऱ्याचा फोकस-दिवा बंद हवा. दूरस्थ कॅमेरा इथे आदर्श वाटतो. लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे हातातल्या फोनचा पडदा हाही दिवाच आहे. कॅमेरा अंधारात शांत पडलेला आणि मागे वीस लोकांच्या हातात वीस उजळ पडदे, हे दृश्य कासवांच्या किनाऱ्यांवर नवे नाही. पडदा सर्वांत मंद, शक्य तर लाल छटेत, आणि पिल्लांच्या वाटेपासून तोंड फिरवून धरावा. पहाटे उजाडल्यावर सोडलेली पिल्ले कॅमेऱ्यालाही सोपी पडतात. रात्रीचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

किनाऱ्यापासून आत आल्यावर हेच तंत्र एका अगदी वेगळ्या कामाला येते. रायगडच्या किनारपट्टीवर मराठीचे फार जुने लेख आहेत: अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जातो आणि दिवेआगरचा ताम्रपट शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा आहे. झिजलेली अक्षरे समोरून पडलेल्या प्रकाशात दिसत नाहीत. दिवा बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की खोदलेल्या रेषेत सावली साचते आणि अक्षर उठून येते. कोणत्या कोनात कोणते अक्षर उठेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दिवा फिरवत पाहावे लागते. एकट्या माणसाला कॅमेऱ्यात डोळा घालून दिवा फिरवणे जमत नाही. एका हातात दिवा आणि दुसऱ्यात फोन असेल तर तो अक्षराशेजारी उभा राहून पडद्यावर कॅमेऱ्याला दिसणारे पाहतो आणि अचूक कोनात थांबतो. टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत मांडलेल्या पद्धतीत याच्या पुढची पायरी आहे. कॅमेरा स्थिर ठेवून, दिवा प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला नेऊन अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यातून असे चित्र बनवायचे, ज्यावर वाचणारा हवा तिथून प्रकाश पाडू शकतो. त्या सगळ्या फोटोंत कॅमेरा केसभरही हलता कामा नये, म्हणजे शटरला बोट लावणे वर्ज्यच.

देवळाच्या गाभाऱ्यातही कमी उजेड आणि लांब एक्स्पोजर हीच अडचण असते. रूपनारायणाच्या काळ्या पाषाणातल्या मूर्तीभोवतीचे बारीक कोरीव काम फ्लॅशमध्ये चकाकून सपाट दिसते. समईच्या किंवा दारातून येणाऱ्या उजेडात, ट्रायपॉडवर, फोनने शटर दाबून ते नीट येते. पण कोणत्याही गाभाऱ्यात फोटो चालतो का, ट्रायपॉड चालतो का, हे आधी गुरवांना किंवा पुजाऱ्यांना विचारावे.

किनाऱ्याचे बाकीचे त्रास सामानाचे. वाय-फाय आणि थेट दृश्य मिळून कॅमेऱ्याची बॅटरी भराभर खातात. मिररलेसच्या एका बॅटरीला एरवी तीनशे-चारशे फोटोंची मजल असते, ती इथे निम्म्यावर येऊ शकते. यूएसबी-सीवरून चालणारा कॅमेरा असेल तर पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रायपॉडला टांगावी. वजनाने ट्रायपॉडही स्थिर राहतो. भर उन्हात फोन तापला की तो आपणहून पडद्याचा उजेड कमी करतो आणि नेमके तेव्हाच काही दिसेनासे होते. पोलराइज्ड गॉगल लावणाऱ्याला फोन आडवा किंवा उभा धरल्यावर पडदा काळाच दिसतो, तो बिघाड नव्हे. वाऱ्याबरोबर येणारा खारा थर लेन्सवर आणि कॅमेऱ्यावर बसतो. तो कोरडा पुसला तर ओरखडे पडतात. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून मग कोरडे करावे, ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, आणि लेन्स पुळणीवर बदलूच नये.

फोटो फोनवर आणताना लहान जेपेग आपोआप येऊ द्यावेत; रॉ फायली पंचवीस ते पन्नास मेगाबाइटच्या असतात, त्या वाय-फायवरून ओढण्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात. कार्ड रीडर बरा. फोन कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवून देतो आणि फोटोंवर ठिकाणही नोंदवतो. वाडीच्या नोंदीसाठी आणि भरतीची वेळ ताडण्यासाठी ते मोलाचे आहे, पण कासवाच्या किंवा पक्ष्याच्या घरट्याचा फोटो दुसऱ्याला पाठवण्याआधी ती ठिकाणाची नोंद काढून टाकावी. काम संपल्यावर कॅमेऱ्याचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा पुन्हा चालू करावा. नाहीतर फोन इंटरनेट नसलेल्या त्या नेटवर्कलाच धरून बसतो आणि घरगुती खाणावळीत जेवणाचे पैसे यूपीआयने द्यायची वेळ आली की रेंज गेल्याची तक्रार गावाच्या नावावर जमा होते.